संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर निवडताना : ज्ञानस्रोत केंद्रांना आणि संशोधन समित्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक, ज्ञानस्रोत केंद्र (विद्यापीठ ग्रंथालय), आणि
माननीय सदस्य, संशोधन व मान्यता समिती,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : संशोधकांसाठी संदर्भ-व्यवस्थापन सॉफ्टवेअर निवडण्याबाबत

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या विद्यापीठाकडून संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना एक परिपत्रक आले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संदर्भ-व्यवस्थापनाचे, म्हणजे वाचलेल्या ग्रंथांच्या नोंदी सांभाळून तळटिपा आणि सूची तयार करणारे, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याबद्दलचा अभिप्राय आठ दिवसांत कळवावा, असे त्यात म्हटले होते. सोबत तीन रकान्यांचा तक्ता होता : सॉफ्टवेअरचे नाव, वापरणाऱ्यांची अंदाजे संख्या आणि अपेक्षित वार्षिक खर्च. मी तो तक्ता भरून पाठवला नाही. अभिप्राय द्यायचा नव्हता असे नाही. मला जे सांगायचे होते ते त्या तीन रकान्यांत मावत नव्हते. परिचयातल्या दोन-चार ग्रंथपालांशी बोलले तेव्हा त्यांच्याकडेही निवडीची चर्चा खर्चापाशी सुरू होऊन खर्चापाशीच संपते असे कळले. म्हणून हे पत्र एका कार्यालयाला न लिहिता आपणा सर्वांना उद्देशून लिहीत आहे.

मी एका अनुदानित महाविद्यालयात एकोणीस वर्षे ग्रंथपाल आहे. आमच्याकडे इतिहास आणि मराठी या दोन विषयांची संशोधन केंद्रे आहेत, आणि तिथले बहुतेक प्रबंध मराठीतून लिहिले जातात. माझे म्हणणे या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून बनले आहे, हे आधीच सांगितलेले बरे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम कोणतेही सॉफ्टवेअर जवळजवळ सारखेच हलके करते. लेखाचा डीओआय (इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक) टाकला की लेखकांची नावे, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठे असे सगळे आपोआप भरले जाते. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात किंवा धुळ्यात छापलेल्या मराठी पुस्तकाला मात्र डीओआय नसतो आणि आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांकही नसतो. आयएसबीएनला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यताच मुळी १९७० साली मिळाली. त्याआधीचा सगळा मराठी ग्रंथव्यवहार, आणि त्यानंतरचाही बराचसा, विद्यार्थ्याला हाताने नोंदवावा लागतो. आणि जे हाताने नोंदवले ते हरवले, तर पुन्हा हातानेच नोंदवावे लागते. माझ्या सगळ्या म्हणण्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

तीन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगते. इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात चारशेहून अधिक तळटिपा सॉफ्टवेअरमधून रीतसर घातल्या होत्या. बांधणीला देण्याआधी मांडणी नीटनेटकी व्हावी म्हणून तिने फाइल एका डीटीपीच्या दुकानात दिली. दुकानदाराने सगळा मजकूर आपल्या सवयीच्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची संकेतप्रणाली) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये बदलून घेतला आणि पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला. छापून आलेली पाने देखणी होती. पण वर्डच्या फाइलमध्ये प्रत्येक तळटिपेच्या मागे सॉफ्टवेअरचा जो धागा असतो, तो या उलथापालथीत तुटला होता. तळटिपा आता नुसती अक्षरे उरली होती. त्यानंतर मार्गदर्शकांनी तिसरे प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्यायला सांगितले, शिवाय मधले काही परिच्छेद इकडचे तिकडे केले, आणि दुकानदाराने ते तसे केले. परिणाम असा की एका मोडी कागदासाठी लिहिलेली ‘तत्रैव, पृ. ४३’ (म्हणजे लगेच वरच्याच संदर्भाचे पृष्ठ ४३) ही तळटीप जागच्या जागी राहिली आणि तिच्या वर येऊन बसला एक इंग्रजी गॅझेटियर. अशा चुकीच्या जागी पडलेल्या ‘तत्रैव’ चाळीसच्या वर निघाल्या. सुदैवाने त्या मुलीने सुरुवातीच्या काळातली हस्तलिखित टिपणकार्डे बुटांच्या खोक्यात जपून ठेवली होती. आम्ही दोघी चार संध्याकाळी वाचनकक्षात समोरासमोर बसलो. ती वाक्य वाचायची, मी खोक्यातून कार्ड शोधायची, आणि मग पेन्सिलने समासात त्या ‘तत्रैव’चे खरे नाव लिहायचे.

यात सॉफ्टवेअरचा दोष नव्हता आणि खरे तर दुकानदाराचाही फारसा नव्हता. त्याला सांगितले तेवढे त्याने केले. मराठीतून लिहिलेल्या प्रबंधाची फाइल नोंदणीपासून बांधणीपर्यंत कोणत्या रूपात राहिली पाहिजे, हे त्या विद्यार्थिनीला कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या हातातल्या नियमावलीत समासाची रुंदी होती, दोन ओळींमधले अंतर होते, बांधणीच्या कापडाचा रंग आणि त्यावरच्या सोनेरी अक्षरांचा उल्लेखही होता. संदर्भांबद्दल एवढेच वाक्य होते, की ते ‘मान्यताप्राप्त पद्धतीने’ द्यावेत.

आता निवडीकडे येते. बाजारात नावे पुष्कळ असली तरी आपल्या समित्यांपुढे सहसा तीनच येतात : एंडनोट, मेंडेली आणि झोटेरो. नोंदी साठवणे, पीडीएफ जोडून ठेवणे, लिहिताना संदर्भ घालणे आणि शेवटी सूची तयार करणे ही कामे तिन्ही करतात. पडद्यावरची मांडणी निराळी असली तरी ती आठवडाभरात अंगवळणी पडते. त्यामुळे विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात कोणते छान दिसले यावरून निवड करणे म्हणजे दुकानातल्या दिव्याखाली साडी पसंत करण्यासारखे आहे. मी पाहते ते निराळेच. त्याचा मालक कोण आहे, नोंदी कुठे राहतात, आणि उद्या तिथून निघायचे झाले तर त्या पूर्णपणे बाहेर नेता येतात का?

मेंडेलीची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २००८ साली लंडनमध्ये सुरू झालेले हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांमध्ये झपाट्याने पसरले आणि २०१३ साली एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीत वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरचा नोंदींचा साठा कूटबद्ध करण्यात आला, त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला तो थेट वाचता येईनासा झाला. २०२१ साली त्याची मोबाइलवरची अॅप बंद झाली आणि सप्टेंबर २०२२ पासून जुनी डेस्कटॉप आवृत्ती नव्याने उतरवून घेण्याची सोय काढून टाकण्यात आली. त्याच्या जागी नवे सॉफ्टवेअर आले, ते आजही मोफत मिळते आणि चालतेही ठीक. नोंदी बाहेर काढण्याचे मार्ग तिथे कधीच पूर्ण बंद नव्हते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. माझा मुद्दा त्या कंपनीच्या हेतूंचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे लागतात. २०१७ साली नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध पूर्ण होईपर्यंत हे सगळे बदल सोसले असतील, आणि त्यातला एकही त्याला विचारून झालेला नव्हता.

सशुल्क सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर वर्गणीचीच मुदत संशोधनाच्या मुदतीपेक्षा लहान असू शकते. आमच्या महाविद्यालयाने एका योजनेच्या पैशातून अशाच एका सॉफ्टवेअरची तीन वर्षांची वर्गणी भरली होती; त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. योजना संपली, पैसे संपले. मग विद्यार्थ्यांच्या नोंदी आरआयएस या सर्वमान्य स्वरूपात काढून घेण्याचे काम माझ्याकडे आले. पुस्तकांची नावे आली, वर्षे आली. पण प्रकरणवार केलेले फोल्डर आले नाहीत आणि पीडीएफच्या समासात दोन-दोन वर्षे लिहिलेली टिपणे आली नाहीत. एका विद्यार्थ्याने मला विचारले, “बाई, पुस्तक माझं, टिपण माझं, मग कुलूप कोणाचं?” मला उत्तर देता आले नाही.

मोफत असले म्हणजे ही भीती टळते असेही नाही. साइटयूलाइक ही अशीच एक मोफत सेवा २००४ साली सुरू झाली होती आणि २०१९ साली ती बंद झाली. टळते ती भीती तेव्हा, जेव्हा सॉफ्टवेअरची संहिता (प्रोग्रामचा मूळ मजकूर) सर्वांना खुली असते, नोंदी स्वतःच्या संगणकावर असतात आणि खाते न उघडताही सगळे काम चालते. झोटेरो या कसोटीला उतरते. २००६ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात ते जन्माला आले आणि आज एक ना-नफा संस्था ते चालवते. इतिहासकारांनी घडवलेले असल्यामुळे त्यात हस्तलिखित, पत्र, अभिलेखागार आणि अभिलेखागारातली जागा यांसाठी रकाने आहेत. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराचा कागद नोंदवताना रुमालाचा (कागद बांधून ठेवलेल्या गाठोड्याचा) क्रमांक कुठे लिहायचा, हा आमच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न त्यामुळे एका मिनिटात सुटतो. तालुक्याच्या गावी नेट दिवसातून चारदा जाते, तिथे ते बिनतक्रार चालते, हेही मला महत्त्वाचे वाटते.

इथे एका जुन्या खटल्याची आठवण देते, कारण तो नेमका माझ्या पुढच्या मुद्द्यावरचा आहे. २००८ साली एंडनोटची तेव्हाची मालक कंपनी थॉमसन रॉयटर्स हिने जॉर्ज मेसन विद्यापीठावर दावा लावला आणि एक कोटी डॉलरची भरपाई मागितली. भांडण कशावरून होते? पुस्तकांच्या नोंदींवरून नव्हे. झोटेरोच्या नव्या आवृत्तीला एंडनोटच्या शैलीफाइली वाचता येऊ लागल्या होत्या, त्यावरून. शैलीफाइल म्हणजे अमुक नियतकालिकात आडनाव आधी की नाव आधी, वर्ष कंसात की शेवटी, पृष्ठांच्या आधी कोणते अक्षर, असे नियम संगणकाला कळतील अशा रीतीने लिहून ठेवलेली लहानशी फाइल. दावा २००९ साली फेटाळला गेला. पण एवढ्या मोठ्या कंपनीला या व्यवसायात खरे मोल कशाचे वाटत होते, ते त्यातून कळले : नियम फाइलीत उतरवून ठेवण्याच्या कामाचे.

आणि मराठीसाठी नेमके तेच काम व्हायला हवे आहे.

मराठीतून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आज जे करतो ते आपण एकदा शेजारी बसून पाहावे, अशी माझी विनंती आहे. तो एपीएची सातवी आवृत्ती निवडतो, कारण नियमावलीतल्या ‘मान्यताप्राप्त पद्धती’चा अर्थ एपीए किंवा एमएलए या अमेरिकी संदर्भपद्धती असाच घेतला जातो. मग त्याच्या मजकुरातल्या संदर्भांत आणि सूचीत देवनागरी लेखकनाव येते, देवनागरी शीर्षक येते, आणि मध्येच इंग्रजीतले ‘एडिटर’, ‘एट अल.’, ‘एन. डी.’ हे शब्द रोमन लिपीत उगवतात. तो ते हाताने खोडून ‘संपा.’, ‘व इतर’, ‘प्रकाशनवर्ष नाही’ असे लिहितो. दुसऱ्या दिवशी एक नवा संदर्भ घातला की सॉफ्टवेअर सूची पुन्हा तयार करते आणि खोडलेले सगळे परत येते. चार-सहा वेळा असे झाले की तो कंटाळून सूची सॉफ्टवेअरपासून तोडून टाकतो आणि उरलेले सगळे हाताने करतो. ‘आपल्या मुलांना सॉफ्टवेअर वापरता येत नाही’ असे जे कार्यशाळांमध्ये ऐकू येते, त्यातले बरेचसे हे आहे.

वास्तविक यावर उपाय आहे आणि तो विकत घ्यावा लागत नाही. सायटेशन स्टाइल लँग्वेज, म्हणजे सीएसएल, या खुल्या पद्धतीत लिहिलेली शैलीफाइल झोटेरो आणि मेंडेली दोन्ही वापरतात. अशा दहा हजारांहून अधिक शैली सर्वांसाठी मोफत उपलब्ध आहेत. फाइल साध्या मजकुराची असते. तिच्यात ‘संपादक’ला ‘संपा.’, ‘अनुवादक’ला ‘अनु.’, ‘पृष्ठ’ला ‘पृ.’, लगेच आधीच्याच संदर्भाला ‘तत्रैव’, आणि आधी येऊन गेलेल्या ग्रंथाला ‘उ. नि.’ असे एकदा लिहून ठेवले की विद्यार्थ्याने ती फाइल दोनदा क्लिक करायची, बस्स. संगणकशास्त्राच्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला ही फाइल लिहायला फार वेळ लागणार नाही. वेळ लागेल तो नियम ठरवायला, आणि ते ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

ठरवायचे काय काय आहे, याची थोडी कल्पना देते. पहिला प्रश्न नावांचा. सॉफ्टवेअर लेखकाच्या नावाचे आडनाव आणि नाव असे दोन तुकडे मागते. ज्ञानेश्वरांना, नामदेवांना आडनाव कुठले लावायचे? झोटेरोत नावाचा रकाना एकेरी करण्याची सोय आहे, पण ती आहे हे सांगणारे कोणी नसल्यामुळे मी ‘संत’ हे नाव आणि ‘तुकाराम’ हे आडनाव झालेल्या नोंदी पाहिल्या आहेत. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिल्या आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने. सूचीत ते ‘क’मध्ये एकदा आणि ‘श’मध्ये एकदा येणार, की एका ठिकाणी आणून दुसरीकडून निर्देश द्यायचा? दोन्ही रीतींना आधार आहे. एकाच विभागातल्या दोन मार्गदर्शकांनी दोन रीती सांगितल्या तर मात्र विद्यार्थ्याचे हाल होतात.

दुसरा प्रश्न अक्षरक्रमाचा, आणि तो दिसतो त्यापेक्षा चिवट आहे. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी आहे, आणि ‘क्ष’ हे स्वतंत्र अक्षर नसून पाय मोडलेला ‘क’ आणि ‘ष’ अशी ती जोडणी आहे. केवळ त्या क्रमावर विसंबले तर क्षीरसागर हे आडनाव ‘कोलते’च्या नंतर आणि ‘खरे’च्या आधी येते. वर्णमालेप्रमाणे ते सूचीच्या तळाशी जायला हवे. कोणता क्रम ग्राह्य, हे एका ओळीत लिहून दिले की वाद मिटतो.

‘वऱ्हाड’मधला तो कोयरीसारखा अर्धा ‘र’ तर कळफलकावर दोन प्रकारे उमटतो. एका प्रकारात ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. माझ्याकडे एका विद्यार्थ्याच्या साठ्यात वऱ्हाडाविषयीचे एकच पुस्तक दोनदा नोंदलेले होते आणि दुबार नोंदी शोधणाऱ्या सोयीला ते सापडत नव्हते. असे का होते ते कळायला मला एक अख्खी दुपार लागली. 

शकांचा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यांना रोज पडतो. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘शके १८२०’ असे छापलेले असते. विद्यार्थी तारखेच्या रकान्यात तेच भरतो आणि सॉफ्टवेअर १८२० हे इसवी सन समजते; पुस्तक सूचीत अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे जाऊन बसते, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी छापलेले दिसते. शकात ७८ मिळवले की सहसा इसवी सन येते, पण जानेवारी ते पाडवा या काळातले प्रकाशन असेल तर ७९ मिळवावे लागतात, आणि मुखपृष्ठावर महिना नसेल तर काय करायचे याचाही नियम हवा. माझे मत असे की तारखेच्या रकान्यात इसवी सन भरावे आणि मूळ शक टिपणाच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा. पुनर्मुद्रणांसाठी झोटेरोच्या जादा माहितीच्या रकान्यात पहिल्या प्रकाशनाचे वर्ष वेगळे देता येते. ते सूचीत दाखवायचे की नाही हे पुन्हा शैलीफाइलीवरच अवलंबून.

दिवाळी अंकांचे काय करायचे, याला तर बाहेरच्या कोणत्याही शैलीत उत्तर मिळणार नाही. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा आपल्याकडे आहे, मराठी साहित्याच्या प्रबंधात दर तिसरा-चौथा संदर्भ दिवाळी अंकातला असतो, आणि त्याला सहसा खंड नसतो, अंकाचा क्रमांक नसतो, असते ते फक्त ‘दिवाळी १९६५’. ते अंकाच्या रकान्यात भरायचे की तारखेच्या, एवढे ठरवून द्यावे. मी अंकाच्या रकान्यात भरायला सांगते. चुकत असेन तर सुधारावे.

झोटेरोची बाजू मांडताना त्याचे उणे सांगितले नाही तर हा विक्रेत्याचा माहितीपट होईल. मराठी प्रबंधाची सूची आपण प्राथमिक साधने, मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके अशा भागांत देतो. झोटेरो एका फाइलीत एकच सलग सूची तयार करते. भाग शेवटी हाताने पाडावे लागतात. एंडनोटमध्ये असे वर्ग पाडण्याची सोय आहे आणि या बाबतीत ते उजवे आहे. शिवाय सूचीची भाषा एकदा मराठी ठरवली की इंग्रजी ग्रंथांच्या नोंदीतही ‘संपा.’ आणि ‘व इतर’ येते, कारण सीएसएलमध्ये नोंदीगणिक भाषा बदलण्याची व्यवस्था नाही. मला स्वतःला मराठी प्रबंधातल्या इंग्रजी नोंदीत ‘संपा.’ आलेले खटकत नाही, पण काही परीक्षकांना खटकते, आणि ते चालेल असे विद्यापीठाने लिहून दिले तर विद्यार्थ्याचा एक धसका कमी होईल. साठवणुकीसाठी झोटेरोच्या सर्व्हरवर ३०० एमबीच मोफत मिळतात. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ एवढ्या जड असतात की ही जागा पहिल्या सहामाहीतच संपते.

या शेवटच्या अडचणीवर मात्र विद्यापीठाचा पैसा उत्तम खर्च होऊ शकतो. वैयक्तिक साठ्यातल्या फाइली झोटेरोला वेबडॅव्ह या पद्धतीने दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरवर ठेवता येतात. विद्यापीठाच्या संगणक केंद्राने संशोधकांना तशी काही जीबी जागा दिली तर कोणाला पदरमोड करावी लागणार नाही. गटांच्या सामायिक साठ्यांना ही सोय लागू नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तोवर विद्यार्थ्यांना एवढे तरी सांगावे की झोटेरोचा नोंदींचा मूळ फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये किंवा गुगल ड्राइव्हमध्ये ठेवू नये, त्याने साठा बिघडतो. आणि एंडनोट वापरणाऱ्यांनी पेनड्राइव्हवर प्रत घेताना एंडनोटच्या नोंदींच्या फाइलीबरोबर तिच्याच नावाचा ‘डेटा’ फोल्डरही घ्यावा, नाहीतर नोंदी येतात आणि पीडीएफ मागे राहतात.

सक्ती कोणावरच करू नये. विज्ञान शाखेत लॅटेक्स या मजकूर-मांडणीच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांना तिच्याशी जुळणारी बिबटेक आणि जॅबरेफ ही संदर्भसाधने सोयीची पडतात. ज्यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे एंडनोट आहे, त्यांनी ते सोडण्याचे कारण नाही. विद्यापीठाने शिकवायचे, कार्यशाळा घ्यायच्या आणि शैलीफाइल पुरवायची ते एकाच खुल्या सॉफ्टवेअरसाठी, एवढेच माझे म्हणणे. वर्गणीसाठी राखलेली रक्कम त्या कामाकडे वळवावी.

वेळ कुठून आणायचा, असे विचारले जाईल. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये यूजीसीने सक्तीचा केलेला संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आहे. तो बहुतेक ठिकाणी समानता-तपासणीच्या, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का ते पाहणाऱ्या तपासणीच्या, टक्क्यांभोवती फिरतो. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या विनियमांत संदर्भ आणि ग्रंथसूची या तपासणीतून वगळायच्या आहेत असे स्पष्ट लिहिलेले असूनही ‘संदर्भ वाढले की टक्का वाढतो’ अशी समजूत घेऊन विद्यार्थी माझ्याकडे येतात. या अभ्यासक्रमाच्या तीस तासांतले चार तास नोंद कशी करायची यासाठी द्यावेत, आणि ते संगणकापुढे बसवून द्यावेत. आता तर एआयला विचारून आणलेले, कुठेच अस्तित्वात नसलेले ग्रंथ सूचीत येऊ लागले आहेत. नोंद ग्रंथालयाच्या तालिकेतून (कॅटलॉगमधून) किंवा हातातल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरूनच करायची, ही सवय पहिल्या वर्षीच लागली पाहिजे.

तालिकेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट आपल्याच घरातली. कोहासारख्या ग्रंथालय-प्रणालीवर चालणाऱ्या तालिकेतून पुस्तकाची नोंद एका क्लिकमध्ये झोटेरोत घेता येते. पण तालिकेतच मराठी पुस्तक रोमन लिपीत नोंदले असेल, किंवा जुन्या फॉन्टमधून आणलेली अगम्य अक्षरे तिथे असतील, तर विद्यार्थ्याच्या सूचीतही तेच येते. माझ्या ग्रंथालयात अशा नोंदी होत्या. दोन सुट्ट्यांत एका सहकाऱ्याच्या मदतीने त्या सुधारल्या, अजून सगळ्या झालेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. मराठी पुस्तकांच्या तालिका देवनागरीत आणण्याला त्या निमित्ताने निधी मागता आला तर पाहावे.

तेव्हा माझी मागणी थोडक्यात अशी. सॉफ्टवेअरसाठी निविदा काढण्याआधी मराठी आणि इतिहास विभागांतले दोन-दोन मार्गदर्शक, एक ग्रंथपाल आणि संगणक केंद्रातले एक जण अशी लहान समिती नेमावी. तिने तीन महिन्यांत संदर्भांचे मराठी नियम लिहावेत, त्यांची सीएसएल शैलीफाइल तयार करून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवावी, आणि प्रबंधाच्या नियमावलीत दोन वाक्ये वाढवावीत : मजकूर युनिकोडमध्येच असावा, आणि संदर्भांचे धागे न तोडलेली वर्डची किंवा लिबरऑफिसची फाइल पीडीएफबरोबर जमा करावी. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, जाणारे मराठी प्रबंध त्यामुळे शोधताही येतील. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये आज एक शब्द शोधून सापडत नाही. एका विद्यापीठाने हे केले तर बाकीच्यांना तीच फाइल उचलता येईल. प्रत्येकाने आपली वेगळी शैली काढण्याची हौस मात्र टाळावी.

संक्षेपांची आणि रकान्यांची माझ्यापुरती एक यादी मी चार वर्षांत तयार केली आहे, ती समितीला देईन. ज्या प्रबंधाचा प्रसंग वर सांगितला, त्या विद्यार्थिनीनेही आपला चारशेवर नोंदींचा साठा चाचणीसाठी वापरायला परवानगी दिली आहे. त्यात मोडी कागद आहेत, शकातली वर्षे आहेत, टोपणनावे आहेत, दिवाळी अंक आहेत आणि दोन क्षीरसागर आहेत. बैठकीची तारीख कळवल्यास मी तो घेऊन स्वखर्चाने येईन. शनिवार असेल तर बरे, त्या दिवशी आमचे ग्रंथालय दुपारी बंद असते.

कळावे.

आपली नम्र,
एका अनुदानित महाविद्यालयाची ग्रंथपाल